विषयाचा रकाना

१७ ऑगस्ट २००३, रविवार

पौर्णिमा, ही वही तू संक्रांतीला दिलीस आणि पहिलं पान मी आज उघडतो आहे. उशिराबद्दल रागावू नकोस. सात महिने ती तुझ्या आजीच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत होती. देताना तू म्हणाली होतीस, "आजोबा, जो मन में आए लिखो, कोई नहीं पढ़ेगा." त्या शेवटच्या बोलण्यानंच मी घाबरलो. कोणी वाचणार नाही असं सांगितलेला कागद वाचल्याशिवाय राहिला, असं मी अजून पाहिलेलं नाही.

तरी तुझं नाव घालूनच लिहितो. नुसत्या कागदाशी बोलायची मला सवय नाही, पलीकडे कोणीतरी लागतं. पाठवणार नाही, एवढं नक्की.

बालाघाटच्या आपल्या घराची समोरची खोली चैत्रात यशोधनला भाड्यानं दिली, हे तुला फोनवर सांगितलं होतं. त्याचे आजोबा तहसिलीत बडेबाबू, वडील हेडमास्तर, आणि हा नोकरी सोडून संगणक घेऊन बसला. तीन यंत्रं, प्लायवूडचे आडोसे, बाहेर पाटी. कॅफे म्हणतात, चहा मात्र मिळत नाही. मी दारातल्या खुर्चीवर असतो. यंत्र टेलिफोनच्या तारेला जोडताना आधी किणकिण, मग खरखर, मग लांब शीळ येते. पहिल्या दिवशी ती ऐकून अंगावर काटा आला. उकव्याच्या पुढे जंगलातल्या त्या छोट्या खाणीत मी एकोणतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर होतो. खाण बुजली, तिच्या खड्ड्यात आता पाणी आणि कमळं आहेत. पण दूरचा बोर्ड हाक देतो तेव्हा कसा आवाज येतो, हे कान विसरले नाहीत.

यशोधनला विचारलं, "मधात कोन बसते?"

"कशाच्या मधे, आजोबा?"

"आमची पौर्णिमा तिकडं हैदराबादेत, तू इकडं. चिठ्ठी जाते. मधात कोनी दोरी जोडून देत असन ना?"

"कोणी नसतं. सगळं आपोआप होतं. आणि पासवर्ड असतो ना!"

आपोआप म्हणे. आमच्या खाणीच्या साहेबालाही वाटायचं की फोन आपोआप लागतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वरून आदेश आला आहे. कॅफेत येईल त्याचं नाव, पत्ता, वेळ, यंत्राचा नंबर आणि येण्याचं प्रयोजन लिहून ठेवायचं. दर शुक्रवारी ठाण्याचा माणूस येऊन बघणार.

यशोधननं लांबट लाल रजिस्टर आणलं. म्हणाला, "तुमचं अक्षर मोत्यासारखं. बसलेलेच असता, तुम्हीच लिहा."

"सरकारले काय करायचं, कोन काहून आला ते?"

"जंगल का इलाका है, आजोबा. सुरक्षेसाठी."

"कोनाच्या सुरक्षेसाठी?"

तो हसला आणि यंत्राची धूळ पुसू लागला. दुकान चालवायचं तर हसावं लागतं.

खरं सांगतो, मला आनंदही झाला. सातवी शिकलेल्या माणसाला म्हातारपणी कोणी लिहायचं काम देतं का? पट्टी घेऊन रेघा मारल्या. शेवटच्या रकान्यावर प्रयोजन लिहायचं होतं. हातानं आपोआप विषय असं लिहिलं. बघत राहिलो. तो शब्द कुठून आला हे मला माहीत आहे, पण आज लिहवत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

ठाण्याचा शिपाई बाबूलाल आला. पोट पुढे, सायकल मागे. सगळी नावं आपल्या वहीत उतरवून घेताना घामाघूम झाला, बाकीचे रकाने पुढच्या शुक्रवारी म्हणाला. मग इकडे तिकडे बघून यशोधनला म्हणाला, "भैया, एक हमारा भी लिख दो. भोपाल भेजना है. बदली का. घर के पास मिल जाए बस, माँ की आँख चली गई है." साहेबांना कळू द्यायचं नव्हतं, त्यांच्या हातून गेलेला अर्ज त्यांच्याच टेबलावर झोपतो म्हणे.

गेल्यावर मी लिहिलं: बाबूलाल, शिपाई, यंत्र ३, विषय: साहेबांच्या परस्पर बदलीचा अर्ज. नियम म्हणजे नियम, नाही का?

२३ ऑगस्ट, शनिवार

दर शनिवारी परसवाड्याच्या बसनं एक बाई येते. अहिल्या. माहेर किरनापूरचं, परसवाड्याच्या पुढच्या एका गावात मुलींच्या वसतिगृहावर मास्तरीण आहे. पदराच्या टोकात कागद बांधून आणते. एक बोट टेकवत टेकवत लिहिते आणि लिहिताना ओठ हलतात.

पाणी द्यायच्या निमित्तानं मी उठलो. डोळे पडद्यावर गेले. मुलींच्या वाट्याचा तांदूळ कुठल्या दिवशी किती पोती कमी उतरला, कोणाच्या ट्रॅक्टरनं परत गेला, सगळं तारखेवार होतं. राजधानीतल्या कुठल्या आयोगाला पाठवत होती.

ती गेली. मी नीट अक्षरात लिहिलं: विषय, वसतिगृहातील धान्याची तक्रार.

शाई वाळेपर्यंत मला काही वाटलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

दुपारी डोळा लागला. समोर माझा जुना बोर्ड होता, पण आभाळाएवढा. फोन आला की बोर्डावर एक छोटी चकती पडायची, टप. स्वप्नात त्या चकत्या मोहाच्या फुलांसारख्या पडत होत्या, पिवळ्या, रसानं भरलेल्या, टप टप टप, आणि प्रत्येकीतून बोलणं सांडत होतं. कोणी विचारतं, ताप उतरला का. कोणी म्हणतं, पोरगी पास झाली. मी पदरभर गोळा करतो आहे (मला पदर होता) आणि मागं तुझी आजी उभी राहून नेहमीचं बोलते आहे, "तुमचे कान कायमचे दुसऱ्याच्या घरी पाहुने." मी ओंजळ पुढे केली तर तिच्यात फुलं नव्हती. ओल्या शाईची अक्षरं होती, आणि ती सगळी माझ्या हातची.

जागा झालो तेव्हा वैनगंगेकडून पावसाचा पडदा सरकत येत होता आणि तुझा फोन वाजत होता.

तू खुशीत होतीस. नवं काम मिळालं. "आजोबा, हम लोग मेल छानते हैं." मी म्हटलं, म्हणजे तांदूळ निवडल्यासारखं? "हाँ, वैसा ही! मशीन को शब्द दिए हैं. गंदा या ख़तरे वाला शब्द आया कि घंटी बजती है, फिर हम देखते हैं." कोणाचे मेल, विचारलं तर म्हणालीस, सरकारी काम आहे, सांगायचं नाही. मला अभिमान वाटला. खडे वेचायचं काम आहे, चांगलंच आहे. यशोधनलाही सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा?" आणि बराच वेळ पाटीवरचा फोन नंबर वाचत उभा राहिला. स्वतःचाच नंबर.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज लिहितोच.

खाणीत बोर्डाशेजारी एक नोंदवही असायची. कोणी केला, कोणाला केला, किती वेळ, विषय. विषय भरायचा म्हणजे ऐकावं लागे. मी ऐकत असे. तीन वर्षं ती वही कोणी उघडली नाही, वाळवीनं दोन पानं खाल्ली तरी कोणाला पत्ता नव्हता. मला वाटे, लिहिण्यात काय जातं? कोण वाचतं?

सुखराम ड्रिलवर होता. बालपणापासूनचा सोबती, मला भोज्या म्हणायचा. एका संध्याकाळी त्यानं गोंदियाला भावाला फोन लावला. बायको पोटुशी होती, आठवा महिना, पाय सुजलेले. दहा मिनिटांतली नऊ मिनिटं तो तेच बोलत होता. कोणत्या दवाखान्यात न्यावं, सासूला बोलवावं का, मुलगी झाली तर नाव काय. शेवटी म्हणाला, "आन हौ, पुढल्या सोमवारी आमी काम बंद ठेवून राह्यलो."

रकाना अरुंद होता. एकच गोष्ट मावत होती. मी लिहिलं: काम बंद पुकारण्याबाबत.

त्या वर्षी देशात आणीबाणी होती. वही मागवली गेली. रविवारी पोलिसांची जीप आली आणि सुखरामला घेऊन गेली. तो गेला तेव्हा त्याची बायको बाळंत व्हायची होती. तो परतला तेव्हा मुलगी चालत होती.

पुढे परसवाड्याच्या बाजारात एकदाच भेटला. मी वांग्यांच्या ढिगाआड लपायला बघत होतो. तो सरळ आला, खांद्यावर हात ठेवला, विचारलं, "भोज्या, बरा हायस ना?" एवढंच. आणि मिरच्या घेऊन गेला. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही. त्याला वारून बारा वर्षं झाली. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

आणि परवा मी पुन्हा लिहिलं. तेच अक्षर, तोच रकाना. शुक्रवारी बाबूलाल येईल.

२७ ऑगस्ट, बुधवार, पोळा

कॅफे बंद. बैल सजून गेले, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. मी दार लावून बसलो.

काल बाजारातून तसंच लाल रजिस्टर आणलं. सगळं उतरवलं. नाव तेच, पत्ता तोच, वेळ तीच. फक्त शेवटचा रकाना. दोन ठिकाणी शाई सांडली. पहिल्या नावापुढे काय लिहावं हे कितीतरी वेळ सुचेना. खोटं लिहायचं तर तेही पुन्हा दुसऱ्याच्या नावावर. मग सुखरामचा हात खांद्यावर असल्यासारखा झाला आणि लिहिलं: खुशाली विचारण्याबाबत. दुसऱ्यापुढे तेच. तिसऱ्यापुढेही तेच. परीक्षेचा निकाल बघायला आलेला पोरगा, लग्नाची जाहिरात देणारे सावकार, नको ती चित्रं बघून लाल कानांनी बाहेर पडणारे दोन दुकानदार, अहिल्या, बाबूलाल. साऱ्या बालाघाटची खुशाली.

लिहिता लिहिता वाटू लागलं की हेच खरं आहे. बाहेर घुंगरांचा आवाज लांब जात होता, तारेतून गेल्यासारखा.

पण भीती आहेच. पकडलं तर यशोधनचं दुकान जाईल, मला या वयात ठाण्याच्या बाकावर बसवतील. बनावट कागद केला म्हणतील. केलाच आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार, नारबोद

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नारबोद गावाबाहेर काढतात, हे तुला आठवत असेल. तू लहानपणी रडायचीस तिला बघून. पळसाच्या फांद्यांची आणि तणसाची ती बाई, तिच्या अंगात घरातली अडगळ खुपसायची, केरसुणी, फाटकी चटई, आणि ओरडायचं, रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा.

सकाळी आमच्या गल्लीतली चंपाबाई नारबोदेला दोरी बांधत होती. मी पिशवी घेऊन उभा.

"काय आनलं, भाऊजी?"

"जुनी वही आहे. वाळवी लागली."

"मंग पोटात घाला तिच्या. डोक्यात नका घालू, शिकन ते!"

सगळे हसले. मी पहिलं लाल रजिस्टर तणसात खोल ढकललं. वेशीवर धूर झाला. सगळे ओरडत होते, "घेऊन जा गे नारबोद, ढेकनं घेऊन जा, डास घेऊन जा!" मीही ओरडलो, माझे कान घेऊन जा. गलक्यात कोणाला ऐकू गेलं नाही. ओले पळस आधी नुसते धुमसले, मग एक लाल कोपरा उचलला गेला आणि पानामागून पान काळं होत उलटू लागलं, जसं कोणी सावकाश वाचत आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

यशोधनला सकाळीच सांगितलं. तो पांढरा पडला. "आजोबा, मरवाओगे!" मग रजिस्टर उघडून पानं चाळली आणि त्याला हसू फुटलं, थांबेना. "लेले सावकार? खुशाली? त्यांनी शेजाऱ्याची कधी विचारली नाही!"

बाबूलाल आला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं.

"बाबा, ये क्या है? पूरे बालाघाट को और कोई काम नहीं?"

मी म्हटलं, "मानसाले दुसरं काय काम असते, साहेब?"

"हमको बुद्धू समझा है?" आवाज चढला. तो बोट फिरवत ओळी खाली नेत होता आणि बोट एकाएकी थांबलं. स्वतःच्या नावावर. बाबूलाल, शिपाई, यंत्र ३.

त्यानं हळू विचारलं, "ये पहले से यही लिखा था?"

मी पेनाचं टोपण लावू लागलो. खोटं बोलायला तोंड उघडलं असतं तर खरं तेच बाहेर पडलं असतं.

त्यानं आपली वही काढली, सारं उतरवलं. प्रत्येक नावापुढे खुशाली, खुशाली, खुशाली. जाताना सायकलवर टांग टाकून म्हणाला, "माँ ठीक है, बाबा. पूछा नहीं आपने."

६ सप्टेंबर, शनिवार

अहिल्या आली. पाणी दिलं तर म्हणाली, "काका, मी लिवते ते तुमी वाचता ना?"

"हौ," म्हटलं. "डोळे जातात."

"मंग नीट वाचा. ह्रस्व-दीर्घ चुकते माझं, सांगत जा."

मी पहिल्यांदाच परवानगीनं वाचलं. त्यात मुलींची नावंही होती. एकीनं कागदावर ताटलीचं चित्र काढून दिलं होतं, ताटलीत मधोमध भात, सुपारीएवढा. ते पाठवता येत नाही म्हणून अहिल्येनं शब्दांत लिहिलं.

२० सप्टेंबर, शनिवार

ती आज लिहायला आली नाही, दाखवायला आली. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेची नोटीस. "संस्थेची बदनामी, खुलासा करावा." नोटिशीत तिचीच वाक्यं होती, मी दुरुस्त केलेल्या ह्रस्व-दीर्घांसकट. आयोगाला पोचण्याआधी, की पोचून, की वाटेत, पण जिच्याविरुद्ध लिहिलं त्या संस्थेच्या टेबलावर ती चिठ्ठी आली होती.

मी म्हटलं, "बाई, मी नाही... रजिस्टरात तर..."

यशोधन म्हणाला, "रजिस्टरमुळे नाही, आजोबा. बाबूलालच्या वहीत खुशालीच आहे. रस्ता लांब असतो. मधे किती ठिकाणी थांबतं, मलाही माहीत नाही."

"तू तर म्हने मधात कोनी नसते."

अहिल्येनं नोटीस घडी करून पुन्हा पदराला बांधली. म्हणाली, "खुलासा देईन. पन आता हातानं लिहून, सोता नेऊन देईन. पोरींले घेऊन जाईन." बसला अर्धा तास होता. मी तिला थांब्यापर्यंत पोचवलं. वर तारांवर ओळीनं पाखरं बसली होती. बस आल्यावर मी विचारलं, "बरी हायेस ना, बाई?" ती हसली. "अजून तरी हाये, काका."

२१ सप्टेंबर, रविवार

तुझा फोन. मी विचारलं, तुझ्या यंत्राला कोणकोणते शब्द दिलेत? तू म्हणालीस, "आजोबा, आप ये सब मत सोचो." मी म्हटलं, एक तरी सांग. तू म्हणालीस, "जैसे... शिकायत." आणि लगेच, "मज़ाक़ कर रही हूँ." पण तू हसली नाहीस. पलीकडचा माणूस हसतो आहे की नाही, हे एकोणतीस वर्षं बोर्डावर बसलेल्याला कळतं.

मग विचारलं, घंटी वाजल्यावर तू काय करतेस? म्हणालीस, "बस, पढ़कर एक कॉलम में डाल देते हैं. आगे कौन देखता है, पता नहीं."

दुपारी पुन्हा तो बोर्ड दिसला. पण त्याच्यासमोर मी नव्हतो. तू बसली होतीस, कानाला ते काळं यंत्र, दोन वेण्या, शाळेतल्यासारख्या. मोहाची फुलं पडत होती. तू एकेक उचलून बघत होतीस आणि हाताशी वही होती. मी हाक मारली तर चकती पडली नुसती, टप, आणि तू माझा आवाज उचलून रकान्यात ठेवलास.

२८ सप्टेंबर, रविवार

आज तुझा फोन आला नाही.

पाठवणार नाही असं पहिल्या पानावर लिहिलं होतं. ते खोडत नाही, पण वही पाठवतो आहे. यशोधन म्हणाला, मी टाइप करून मेलनं लगेच धाडतो, एका मिनिटात पोचेल. मी नको म्हटलं. कापडात शिवून डाकेनं पाठवीन. डाकवालाही माणूसच आहे, वाटेत कोणी उसवून वाचेल, वाचू दे. पण उसवलं तर टाके सांगतील. तारेला टाके नसतात, पोरी, हाच काय तो फरक मला समजला. मी ऐकत होतो तेव्हा सुखरामच्या कानाला काही टोचलं नव्हतं. तुझ्या आजीच्या लुगड्याचा हिरवा तुकडा घेतो आणि लाल दोऱ्यानं बावीस टाके घालतो. मोजून घे.

नोकरी सोड असं सांगायला मी कोण? मी सोडली नव्हती. निवृत्तीला घड्याळ मिळालं, अजून चालतं. फक्त तुझा तो कॉलम किती रुंद आहे, ते बघ. दहा मिनिटं बोललेल्या माणसाचं त्यात काय मावतं आणि काय बाहेर राहतं, ते बघ. अहिल्येसारखी एखादी चिठ्ठी तुझ्यासमोर आली, घंटी वाजली, तर तिच्यापुढे तू काय लिहिशील?

पुढच्या शनिवारी अहिल्या पोरींना घेऊन कलेक्टर साहेबांकडे जाणार आहे. मीही जातो आहे, तिचा कागद वाचून दाखवायला. गुडघे दुखतात, भीती वाटते. बाबूलाल म्हणतो, मी त्या दिवशी तिथंच ड्यूटीवर असेन, बाबा, उन्हात बराच वेळ थांबवतात, पाणी पिऊन या.

वही मिळाली की कळव. टाके किती होते, ते कळव. रकान्यात काय लिहिलंस, तेही कळव, आणि लवकर, कारण माझं मन आता दिवसभर तारेवर असतं. आणि पौर्णिमा, तू बरी हायेस ना?